कडक फेल्ट फेडोरा मऊ कशी करावी आणि डोक्याला कशी मुरवावी?

अनवट (धागाकर्ता)

तीन महिन्यांपूर्वी मी गडद राखाडी रंगाची एक फेडोरा हॅट घेतली. ती सशाच्या केसांच्या फेल्टची आहे, असे आतल्या चामड्याच्या पट्टीवर छापलेले आहे, आणि हाताला लागणाऱ्या तिच्या गुळगुळीतपणावरून ते खरे वाटते. रंग, काठाची रुंदी, रिबिनीची बांधणी, सगळे मनासारखे आहे. मात्र हॅट इतकी ताठ आहे की क्राउनवर (डोक्यावर बसणाऱ्या उंच भागावर) नखाने टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. समोरच्या दोन चिमट्यांची (क्राउनच्या पुढे बोटांनी दाबून केलेल्या खळग्यांची) खोली थोडी वाढवावी म्हणून बोटांनी दाबले, तर फेल्ट आत जाते आणि हात काढताच पूर्ववत होते. अर्धा तास घातली की कपाळावर लाल वळ उठतो.

आतापर्यंत दहा-बारा वेळा ती घालून झाली आहे, पण फरक जाणवत नाही. किटलीच्या वाफेवर धरावी, पावसात भिजवावी, अल्कोहोलने पुसावी असे तीन निरनिराळे सल्ले मला मिळाले आहेत आणि तिन्हींच्या बाबतीत नुकसानीची भीती वाटते. म्हणून ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केले आहे त्यांना विचारतो: सुरुवात कशाने करावी, किती करावे, आणि क्राउनबरोबर काठही मऊ करावा का?

नमदा

मी बरीच वर्षे स्वतःच्या आणि मित्रांच्या हॅट दुरुस्त करतो. उपाय निवडण्यापूर्वी ताठपणा कोठून येतो हे समजून घेतले, तर आपली निम्मी भीती जाईल.

फेल्ट म्हणजे नमदा. त्याला ताणाबाणा नसतो. केसाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकत जातात आणि दाट, एकसंध पत्रा तयार होतो. चांगल्या प्रतीचे सशाचे किंवा बीव्हरचे फेल्ट या टप्प्यावर मजबूत असूनही लवचिक असते. त्यानंतर हॅट बनवणारे त्यात ताठपणा आणणारे द्रव्य मुरवतात. सुती कपड्याला आपण खळ घालतो, तसाच हा प्रकार आहे. परंपरेने ही खळ लाखेची असते. सुतारकामात पॉलिशसाठी चपडा वापरतात, तीच ही लाख. आजकाल कृत्रिम राळेचे पर्यायही वापरले जातात.

म्हणजे आपल्या हॅटमध्ये दोन प्रकारचे ताठपण आहे: एक खुद्द फेल्टच्या घट्टपणाचे आणि दुसरे त्यातल्या खळीचे. पहिले हात आणि काळ यांनी सैलावते. दुसऱ्यासाठी उष्णता लागते, कारण लाख उष्णतेने मऊ होते आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. वाफेवर धरली आणि तशीच ठेवून दिली, तर हॅट गार झाल्यावर होती तितकीच ताठ होते, आणि मग लोक म्हणतात की वाफेचा उपयोग होत नाही. वाफ फक्त दार उघडते. गार होत असताना फेल्ट हातांत सतत वळवत, मळत राहिले, तर लाखेचा एकसंध पापुद्रा ठिकठिकाणी तुटतो आणि केस पुन्हा एकमेकांवर सरकू लागतात. मऊपणा तिथे येतो.

काठाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो मऊ करू नये. समोर खाली आणि मागे वर असा झोक फेडोराच्या काठाला टिकवून धरायचा असतो, आणि त्यासाठी त्यातली खळ आवश्यक आहे. काठातली खळ गेली की दोन-चार महिन्यांत तो लाटांसारखा वरखाली होतो, आणि मग त्यात पुन्हा खळ भरावी लागते. हे काम मऊ करण्यापेक्षा अवघड आहे.

मापपट्टी

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु कपाळावरच्या वळाचे कारण ताठपणाच असेल असे गृहीत धरू नये. त्याबाबत धागाकर्त्यांना दोन प्रश्न आहेत.

हॅट घातल्यावर कपाळ आणि डोक्याची मागची बाजू येथे दाब जाणवतो, आणि कानांच्या वरच्या बाजूला बोट सहज आत जाते का? की उलट, कानशिलांवर दाब येतो आणि पुढे-मागे फट राहते? डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये अचूक जुळला तरी डोक्याचा आकार जुळतोच असे नाही. काहींचे डोके लांबट अंडाकृती असते, काहींचे गोलाकडे झुकणारे. हॅट मात्र सहसा मध्यम अंडाकृती साच्यावर बनते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये डोक्याभोवती बसवून त्याचा आकार कागदाच्या छोट्या तुकड्यावर टोचून घेणारे एक यंत्र तयार झाले होते, आणि आजही काही जुन्या पद्धतीचे कारागीर ते वापरतात, कारण नुसता घेर मोजून हे कळत नाही.

मऊ हॅट आकारातला फरक काही अंशी सहन करते. ताठ हॅट करत नाही. म्हणून दोष ताठपणाचा वाटतो. आपण सगळी हॅट मऊ केलीत आणि खरी अडचण आकाराची असली, तर क्राउनचा डौल जाईल आणि वळ तसाच राहील.

अनवट

आपण सांगितल्याप्रमाणे तपासले. दाब कपाळावर आणि मागे आहे. दोन्ही कानांवर बोट आरामात जाते. डोक्याचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर, हॅटही तेवढीच. म्हणजे माझे डोके लांबट आहे, हे मला आज कळले.

मग आता दोन वेगळी कामे आहेत असे समजू का? एक, पट्टीजवळचा आकार लांबट करणे. दुसरे, क्राउन मऊ करणे. आधी कोणते करावे?

मापपट्टी

आधी आकार, आणि त्यासाठी बहुधा वाफेचीही गरज नाही. आतली चामड्याची पट्टी स्वच्छ ओलसर फडक्याने पुसून दमट करावी, हॅट घालावी आणि ती सुकेपर्यंत डोक्यावरच ठेवावी. चामडे ओले असताना ताणले जाते आणि ज्या आकारात सुकते तो आकार धरते. डोक्याची ऊब त्याला मदत करते. दोन-तीन वेळा केल्यावर फरक न दिसल्यास लाकडी हॅट-जॅक (हॅट आतून ताणणारे, स्क्रूने फिरणारे साधन) पुढून मागे अशा दिशेने बसवून रात्रभर ठेवावा. जॅकचा स्क्रू हाताला किंचित विरोध जाणवेपर्यंतच फिरवावा. अमेरिकी मापपद्धतीतील एक पायरी म्हणजे घेरात सुमारे एक सेंटिमीटर. त्याहून अधिक ताणण्याची अपेक्षा कोणत्याही हॅटकडून ठेवू नये. जास्त ताणले तर पट्टीची शिवण उसवते, किंवा काठाची पातळी बिघडते.

नमदा

आकाराचे काम झाल्यावर क्राउनकडे वळावे. मी ज्या क्रमाने करतो तो सविस्तर लिहितो, कारण या कामात घाई हेच बहुतेक नुकसानीचे मूळ असते.

पहिला आठवडा वाफ वापरूच नये. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, क्राउनचा ताठ भाग दोन तळव्यांमध्ये धरून हलकेच गोल गोल चोळावा. तळहाताच्या उबेने आणि दाबाने फेल्ट थोडे थोडे सैलावते. दररोज दहा मिनिटे पुरेत. टोकदार घडी पडू देऊ नये. घडीच्या रेषेवर केस तुटतात आणि पुढे तेथेच फेल्ट विरते. समोरच्या चिमट्यांना धरून हॅट उचलण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. नेहमी तेथे बोटे लागली की आधी लव झडते, मग चीर पडते. हॅट दोन्ही हातांनी, काठाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला हलकेच धरून उचलावी.

त्यानंतर वाफ. आतली चामड्याची पट्टी बाहेरच्या बाजूला उलटवून घ्यावी. ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की ते आखडते आणि कडक होते, आणि आखडलेली पट्टी पूर्ववत होत नाही, बदलावीच लागते. म्हणून पट्टी वाफेच्या मार्गात येऊ न देणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आत अस्तर असेल तर त्यावर थेट झोत सोडू नये, कारण अस्तर डिंकाने चिकटवलेले असल्यास सुटून येते. क्राउनची बाहेरची बाजू वाफेपासून वीतभर अंतरावर धरून फिरवत राहावे. एका जागी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक थांबू नये. फेल्ट हाताला गरम आणि दमट लागावे, ओले लागू नये. पाण्याचे थेंब दिसू लागले तर अंतर वाढवावे. बोटांची काळजी घ्यावी, वाफेने खोलवर भाजते.

आता हॅट वाफेवरून काढली की खरे काम सुरू होते. एक हात आत, एक बाहेर घेऊन तो भाग गार होईपर्यंत मळत राहावे. मोठ्या, गोलसर वळणांनी आत ढकलावे, बाहेर काढावे. साधारण मिनिटभरात ऊब जाते. मग पुढचा भाग. पूर्ण क्राउन एकदा झाला की थांबावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. एका बैठकीत तीन-चार फेऱ्या करण्याचा मोह होतो, पण पुरेसे झाले की नाही हे फेल्ट पूर्ण सुकल्यावरच कळते.

हवे ते चिमटे आणि वरचा खळगा शेवटच्या फेरीत, फेल्ट गरम असतानाच द्यावेत. वर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा खळगा हवा असेल तर आधी मधली लांब रेघ तळहाताच्या कडेने दाबावी आणि मग पुढचे दोन चिमटे घ्यावेत. उलट क्रमाने केल्यास चिमटे वाकडे येतात.

पाऊसवाट

इतक्या खटाटोपाची आवश्यकता आहे का, असे मला प्रामाणिकपणे वाटते. केसांच्या फेल्टची हॅट हलक्या पावसात घालून फिरावी आणि डोक्यावरच सुकू द्यावी. माझ्या दोन्ही हॅट अशाच मुरल्या. ओले फेल्ट डोक्याचा, हातांचा, सवयींचा आकार आपसूक घेते. घरातल्या वाफेने मिळणारा मऊपणा मला नेहमी थोडा लादलेला वाटतो.

सुकवताना मात्र हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नये, आणि काठ टेबलावर टेकवून ठेवू नये. पट्टी उलटी बाहेर काढून, क्राउन खाली करून ठेवली की काठावर भार येत नाही आणि चामडे वेगळे सुकते.

सुईदोरा

पाऊसवाट यांचा सल्ला त्यांच्या हॅटसाठी योग्य आहे, परंतु हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाकडे केसांच्या फेल्टचीच हॅट असेल असे नाही. म्हणून माझा अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते.

माझी हॅट मेंढीच्या लोकरीच्या फेल्टची होती. तेव्हा हा फरक मला ठाऊक नव्हता. जोरदार पावसात ती पूर्ण भिजली, मी ती डोक्यावरून काढून ठेवली आणि सकाळी पाहिले तर ती डोक्यात जाईना. काठ लोंबला होता आणि क्राउनवर पुटकुळ्यांसारखे उंचवटे आले होते. मी लोकरीच्या स्वभावाला दोष देत नाही. ओलावा आणि उष्णता मिळाली की तिचे तंतू आणखी अडकतात आणि कापड आटते. फेल्ट ज्या गुणामुळे बनते तोच गुण तेथे पुन्हा कामाला लागतो. ती हॅट मला फार प्रिय होती आणि पुढे दुरुस्त झाली नाही.

लोकरीच्या फेल्टचा पोत किंचित खरखरीत असतो, लव राठ असते, आणि त्याला आकार धरण्यासाठी सहसा जास्त खळ द्यावी लागते. त्यातली खळ काढली तर खाली लवचिक फेल्ट सापडत नाही, ढिले फेल्ट सापडते. म्हणून अशा हॅटच्या बाबतीत माझा सल्ला इतकाच आहे: कोरड्या हातांनी चोळावे, अगदी थोडी वाफ फक्त चिमट्यांना द्यावी, आणि पट्टीचा आकार जुळवून थांबावे. केसांच्या फेल्टसारखा मऊपणा तिला येणार नाही.

पाऊसवाट

सुईदोरा, हा भेद मी स्पष्ट करायला हवा होता. माझे म्हणणे केवळ केसांच्या फेल्टपुरते आणि केवळ हलक्या पावसापुरते धरावे.

रसायन

अल्कोहोलबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून तत्त्वतः हा उपाय बरोबर आहे आणि हॅट बनवणारे तो वापरतातही. परंतु ते रिबीन, पट्टी, अस्तर सगळे उसवून नुसते फेल्ट पूर्णपणे बुडवतात, पिळतात आणि साच्यावर चढवून पुन्हा आकार देतात. आपण फडक्यावर थोडे अल्कोहोल घेऊन एखादा भाग पुसला तर विरघळलेली लाख निघून न जाता फक्त पुढे सरकते आणि ओल्या भागाच्या सीमेवर साचते. सुकल्यावर तेथे कडक, फिकट वलय उमटते. रिबिनीचा रंग फेल्टवर उतरण्याची शक्यता वेगळीच. शिवाय खळ कृत्रिम राळेची असेल तर अल्कोहोलचा परिणाम होईलच असे नाही, आणि फार जुनी लाख सहज विरघळतही नाही.

आगीचा धोका तर आहेच. अल्कोहोलची वाफ ज्वलनशील असते; ज्या खोलीत गॅसवर किटली ठेवून वाफ घेण्याचे काम चालते तेथे अल्कोहोलची बाटली उघडूच नये. मला वाटते, धागाकर्त्यांच्या हॅटला याची गरज नाही.

याच विषयाला लागून आणखी एक सावधगिरी. कोणाला घरातल्या जुन्या पेटीत फार जुनी हॅट सापडली असेल तर तिला वाफ देऊ नये. केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून पूर्वी त्यांच्यावर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करत असत. त्या पाऱ्याने हॅट बनवणारे कामगार पिढ्यान् पिढ्या आजारी पडले. हात थरथरणे, चिडचिड, भ्रम ही त्यांची ठरलेली लक्षणे होती. अमेरिकेत ही प्रक्रिया १९४१ मध्ये बंद झाली. त्या काळातल्या हॅटमध्ये अजूनही पारा आढळतो, म्हणून वस्तुसंग्रहालयांत त्या हाताळताना हातमोजे घालतात. गरम, ओलसर फेल्ट उघड्या हातांनी मळणे अशा हॅटच्या बाबतीत योग्य नाही.

अनवट

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण अर्धवट निष्कर्ष द्यायचा नव्हता.

पट्टी दमट करून चार संध्याकाळी हॅट घातली. तिसऱ्या वेळेपासून कपाळावरचा दाब कमी झाला आणि चौथ्यानंतर वळ उठणे थांबले. कानांवरची फट पूर्ण गेली नाही, पण हॅट वाऱ्यात हलत नाही. जॅकची गरज पडली नाही. मापपट्टी यांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी थेट वाफेकडे गेलो असतो.

त्यानंतर आठ दिवस नुसत्या हातांनी चोळले. टिचकीचा आवाज बदलला: आधी तो पुठ्ठ्यासारखा होता, आता जाड कापडासारखा येतो. मग एक दिवसाआड अशा वाफेच्या तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीनंतर निराशा झाली, कारण मी मळणे लवकर थांबवले होते आणि दुसऱ्या दिवशी फेल्ट पूर्वीसारखेच लागले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक भाग पूर्ण गार होईपर्यंत हात काढला नाही. फरक त्याच दिवशी जाणवला. आता चिमटे हवे तितके आत जातात आणि तसेच राहतात.

एक शंका उरली आहे. क्राउनच्या डाव्या बाजूला पांढरट धूसर डाग दिसतो. तेथे वाफ जास्त लागली असावी. हे फेल्टचे नुकसान आहे का?

नमदा

नाही. ती आतली खळ आहे. फेल्ट प्रमाणाबाहेर ओले झाले की खळीचा काही अंश पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि सुकल्यावर गडद रंगावर पांढरट दिसतो. पूर्ण कोरड्या फेल्टवर मऊ घोड्याच्या केसांचा ब्रश लवेच्या दिशेने फिरवावा. बहुतेक भाग निघून जाईल. उरलाच तर त्या जागी लांबून, अगदी क्षणभर वाफ देऊन लगेच पुन्हा ब्रश करावा. ओल्या फडक्याने पुसू नये, डाग पसरतो.

काही जण या टप्प्यावर अतिबारीक सँडपेपरने फेल्ट घासून ते आणखी पातळ आणि रेशमी करतात. कारखान्यातही हे केले जाते. पण घासून गेलेले केस परत येत नाहीत, आणि आपल्या हॅटचे वर्णन वाचता तिला त्याची गरज दिसत नाही.

सुईदोरा

ब्रशबद्दल एक भर: गडद हॅटसाठी एक आणि फिकट हॅटसाठी दुसरा, असे दोन ब्रश ठेवावेत. गडद लव फिकट फेल्टमध्ये अडकली की काढणे फार कष्टाचे होते. आणि वाफ दिल्यावर लगेच ब्रश करायचा असेल तर हात अतिशय हलका असावा, कारण गरम फेल्टची लव सहज ओढली जाते.

अनवट

ब्रश केला. डाग गेला आहे. तिरप्या प्रकाशात फक्त पुसटशी खूण दिसते. काठाला हात लावलेला नाही आणि समोरचा झोक पहिल्या दिवसासारखाच आहे. वाफ आता थांबवतो. अजून जो थोडा ताठपणा मागच्या बाजूला आहे तो घालून घालूनच जाऊ द्यावा असे ठरवले आहे. काल हलक्या पावसात पाऊसवाट यांच्या सांगण्याप्रमाणे अर्धा तास ती घालून फिरलो, घरी आल्यावर पट्टी उलटवली आणि क्राउन खाली करून ठेवली. सकाळपर्यंत ती पूर्ण सुकली होती आणि घातल्यावर मागची बाजूही थोडी सैल लागली.